ओट्यावरचा गुण्या

दाजी, खंडेनवमीसाठी घेतलेली तुमची भेट यंदा तुम्हाला न विचारताच मी अक्काला दिली. तुम्ही असता तर आधी खोक्याकडे बघितलं असतं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला असता, "काय टेलरबाई, परत बाजारानं फसवलं व्हय?" ते ऐकायची माझ्या कानाला सवय झाली आहे. तुमच्या तेराव्याला सांगलीहून निघाले, तेव्हा एसटीत त्या खोक्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. कऱ्हाड येईपर्यंत मी मनातल्या मनात तुम्हाला उत्तरं देत होते. बाई निघालेली तेराव्याला, आणि ज्याचं तेरावं त्याच्याशीच तिचं भांडण चाललेलं.

तेराव्याला माणसं बरंच बोलली. पाटबंधारे खात्यातला तुमचा शिस्तीचा कारभार, वक्तशीरपणा, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. सगळं खरं. पण तुम्ही कुणाच्याही घरी पाणी प्यायला बसलात तरी तुमची नजर त्यांच्या दाराच्या बिजागरीवर असायची, हे कुणी बोललं नाही. नोकरीभर फायली सरकवल्या आणि घरी आलात की हात शिवशिवायचे. कपडे बदलायच्या आधी हातोडी हातात. अक्का म्हणायची, यांना नवरा म्हणून दिलंय का सुतार म्हणून, आबांना विचारायचं राहून गेलं.

तुम्हाला आठवतं का, मी दिलेलं पहिलं हत्यार? हत्यार कसलं, अख्खी पेटीच होती. सांगलीच्या बाजारात काचेआड चमकत होती. पान्हे, पकडी, स्क्रूड्रायव्हर, सगळे मखमलीत झोपवलेले. माझं शिवणकाम तेव्हा नुकतं चालायला लागलं होतं, माझ्या कमाईची पहिली मोठी भेट ती. तुम्ही पेटी उघडलीत, बंद केलीत, "लय झ्याक" म्हणालात आणि शोकेसमध्ये बाहुलीशेजारी ठेवून दिलीत. मी खुळी, खूश. दोन दिवाळ्या गेल्या तरी पेटी बाहुलीशेजारीच. मग एकदा मी हटून बसले तेव्हा तुम्ही त्यातला एक पान्हा काढलात, नळाच्या नटाला लावलात आणि जरा जोर दिलात. पान्ह्याचं तोंड फाकलं.

"हे बघ," तुम्ही म्हणालात, "तुला कुणी धा कात्र्यांचा डबा दिला आन् एकीलाबी धार न्हाई, तर काय करशील?"

"देणाऱ्याचं तोंड शिवीन."

"मी काय केलं? शोकेसमधी ठेवलं. माझा सभाव लय गरीब हाय." आणि मग हसू दाबत म्हणालात, "मानसाला काय द्यायचं ते दुकानात जाऊन ठरवायचं नसतंय. त्याच्या घरात बसून ठरवायचं. तो कशावाचून अडतोय आन् अडल्यावर कशानं भागवतोय, एवढं बघ. बास."

एवढ्या वर्षांत मला भेटी देण्याबद्दल याहून शहाणं कुणी काही सांगितलं नाही. आता गिऱ्हाइकाच्या मुलीला लग्नात काय द्यायचं म्हटलं तरी मी आधी तिच्या घरी चहाला जाते.

त्यानंतर मी तुमच्यावर पाळत ठेवली. सुट्टीत अक्काकडे आले की माझं एवढंच काम. तुम्ही माळ्यावर चढताना बॅटरी दातात धरायचा, तोंडातून लाळ गळायची आणि तरी "उजव्या अंगाला सरक" असं काहीतरी बडबडायचा. पुढच्या वर्षी कपाळाला बांधायचा दिवा आणला. तो बांधून तुम्ही आरशात बघितलंत आणि दिवसभर उतरवला नाहीत, जेवतानासुद्धा. अक्काच्या ताटात उजेड पडत होता. पिठाच्या डब्यावर उभं राहून पंखा पुसायचा, म्हणून घडीची शिडी आणली. हातमोजे मात्र साफ फसले. तुम्ही ते अक्काला मिरच्या चिरायला देऊन टाकलेत. "हाताला कळाया पायजे, लोखंड काय म्हणतंय ते," हे वर ऐकवलंत.

आणि मग तो गुण्या. तुम्ही पुस्तकांसाठी मांडणी करत होता. फळी काटकोनात बसली का ते बघायला तुम्ही कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका वापरत होता. पत्रिकेचा कोपरा फळीला लावायचा, डोळा बारीक करायचा. पत्रिका मऊ पडली, कोपरा झिजला, आणि मांडणी जी कलली ती अजून कललेलीच आहे. मी सांगलीत आल्या आल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि विचारलं, काटकोन बघायचं काय असतं? लाकडी मूठ आणि तिला काटकोनात बसवलेली पातळ पोलादी पट्टी. दुकानदार म्हणाला, "हा गुण्या, ताई." मी हातात तोलून बघितला, मूठ अंगठ्याला लागत नाही ना ते बघितलं. तोवर मी शिकले होते.

अक्काला मात्र हे पसंत नव्हतं. लोखंड भेट देऊ नये, धारेची वस्तू हातात देऊ नये, नात्यात वितुष्ट येतं, हे तिचं आईकडून आलेलं. ती माझी कात्रीसुद्धा हातातून घेत नाही, आधी खाली ठेव म्हणते. तोड तुम्हीच काढलीत. खंडेनवमीला पाटावर सगळी हत्यारं मांडायची, धुतलेली, तेल दिलेली, मोडकी करवतसुद्धा, आणि माझी आणलेली वस्तू गुपचूप त्यांच्यात ठेवायची. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं की ती देवाची झाली. मग तुम्ही ती पाटावरून उचलायची. देणारी मी नाही, घेणारे तुम्ही नाही. अक्कासुद्धा गप्प. दरवर्षी माझ्या शिवणाच्या कात्र्याही त्याच पाटावर बसायच्या आणि तुमच्याकडून धार लावून घेऊन सांगलीला परत यायच्या.

गुण्या उचललात त्या दिवशी तुमचं आणि अक्काचं काहीतरी बिनसलेलं होतं. कशावरून ते आता आठवत नाही, बहुतेक तुम्ही भिंतीत नको तिथं खिळा ठोकला होता. अक्का पुरण जोरजोरात घोटत होती. तुम्ही स्वयंपाकघरात गेलात आणि तो नवा कोरा गुण्या ओट्यावर तिच्यासमोर ठेवलात.

"हे काय?"

"ह्यो गुण्या. मी आणलाय. गोविंद तेवढा तू आण. मंग नांदू."

गुण्यागोविंदानं नांदायची अशी फोड करणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. अक्का हसायचं नाही म्हणून ओठ आवळून उभी होती. शेवटी तिनं गुण्या उचलला आणि बाहेर जाऊन भिंतीवरच्या तुमच्या हत्यारांच्या फळीवर, खिळ्याला अडकवला. त्या दिवसापासून तुमच्या घरात तो रिवाजच पडला. भांडण झालं की तुम्ही तोंडानं कधी चुकलो म्हणाला नाहीत. गुण्या ओट्यावर यायचा. आणि अक्कानं तोंडानं कधी बरं म्हटलं नाही. तिनं गुण्या नेऊन जागेवर लावला की भांडण मिटलं. कधी लगेच लावायची, कधी तुम्हाला संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवायची. मी फोन केला की विचारायचे, गुण्या कुठाय आज? त्यावरून मला घरातली हवा कळायची.

माझी एक साधी भेट तुम्ही दोघांनी संसाराला लावलीत, याचं मला किती वाटायचं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, गुण्याला तेल द्यायला ये मग.

आपलं भांडण मात्र मिटायचं राहिलं. ते बॅटरीच्या स्क्रूड्रायव्हरवरचं. मी गेली दोन वर्षं मागे लागले होते, की घेते तुम्हाला, हलका असतो, बटण दाबलं की स्क्रू आपोआप आत. तुम्ही म्हणायचा, "जे काम हाताला येत न्हाई ते काम आपलं न्हाई."

"मग चष्मा काढून ठेवा. डोळ्याला दिसत नाही ते वाचू नका."

त्यावर तुम्ही चहा मागितलात. चहा मागणं म्हणजे तुमची हार, हे आम्हाला दोघींना ठाऊक होतं. पण पुढच्या फोनला परत तेच, हात हाय तवर हात.

गणपतीच्या आधी मी आले होते तेव्हा तुम्ही मला न्हाणीघराच्या दाराशी बोलावलंत. आतली कडी निखळली होती. "जरा धर," म्हणालात. मी कडी दाराला दाबून धरली. तुम्ही स्क्रू टेकवलात, पिळायला गेलात, आणि तुमचा अंगठा थरथरायला लागला. स्क्रू खाली पडला. परत टेकवलात, परत पडला. "स्क्रूच कच्चा हाय," तुम्ही म्हणालात. मी तो उचलून बघितला. स्क्रूला काही झालं नव्हतं. तुम्ही मनगट दुसऱ्या हातानं चोळत बाहेर परसात बघत उभे राहिलात, आणि म्हणालात, "तुज्या अक्काला बोलू नगंस. तिला वाटतंय मी आळस करतोय. वाटू दे."

मी बोलले नाही. सांगलीला परतले, आणि दोन दिवसांत जाऊन तो बॅटरीचा स्क्रूड्रायव्हर घेतला. दुकानात सहा-सात उचलून बघितले. मोठे, जोराचे, सगळे बाजूला ठेवले. माझ्या मुठीत मावेल, एका बोटानं चालेल, असा बारका बघितला. पाटावर ठेवीन, देवाचा होईल, मग कसे नाही उचलत बघते, म्हटलं. तो शिलाई मशिनच्या खणात ठेवला. आणि गणपती उठून थोडे दिवस होतात तोच अक्काचा फोन आला, आणि फोनवर अक्का नव्हती, शेजारच्या वत्सलाकाकू होत्या.

तुम्ही गेलात त्या सकाळचं मला अक्कानं तेराव्यानंतर सांगितलं. तुमचा पुण्याचा लेक रजा संपली म्हणून गेला होता, पाहुणे पांगले होते, घरात आम्ही दोघीच. तिला न्हाणीघरात जायचं होतं. कडी नव्हती म्हणून तिनं नेहमीसारखी पाण्यानं भरलेली बादली दाराला आतून लावायला उचलली, आणि तशीच खाली बसली. मी धावले. मला वाटलं चक्कर आली.

"मी त्यांना बोलले गं," ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळी. सगळ्या दुनियेची दारं बघत बसता, घरातली एवढी कडी दिसत नाही तुम्हाला. ती हत्यारं नेऊन भंगारात घाला म्हटलं. ते काहीच बोलले नाहीत. मी तशीच तणतणत भाजीला गेले. आले तर ओसरीवर खुर्चीत बसलेले. मला वाटलं, रुसलेत. मी हाकसुद्धा मारली नाही आधी. पिशवी ठेवली, चपला काढल्या, मग बघितलं."

दाजी, तुम्ही मला बोलू नको म्हणाला होता. मी बोलले. तुमच्या हातांचं सगळं सांगितलं, अंगठ्याचं, पडलेल्या स्क्रूचं, परसात बघत उभं राहण्याचं. तुम्हाला राग येणार असेल तर येऊ दे. मला वाटलं होतं, ऐकून तिला हलकं वाटेल. तसं झालं नाही. ती म्हणाली, "म्हणजे जमत नव्हतं म्हणून गप्प होते, आणि मी आळशी समजले." मग ती उठून बाहेर गेली आणि म्हणाली, "ती फळी उतरव. सगळी हत्यारं ने सांगलीला. तुला लागतील ती ठेव, बाकीची कुणाला दे. मला ती भिंत बघवत नाही."

मी काय करणार? तिच्या हाताला काहीतरी काम द्यावं म्हणून मी पिशवीतून ते खोकं काढलं. "आधी कडी तर लावूया. आणलंय त्यांच्यासाठी, वाया कशाला घालवायचं?" तिच्या सवयीप्रमाणं मी ते तिच्या हातात दिलं नाही, उंबऱ्यावर ठेवलं. तिनं ते वाकून उचललं.

"बटण कुठलं?"

मी कडी धरली, तुमच्यासाठी धरली होती तशीच. अक्कानं पदर खोचला आणि बटण दाबलं. पहिला स्क्रू वाकडा गेला. दुसरा सरळ गेला. ते यंत्र किती बारीक आवाज करतं, तुम्ही ऐकायला हवं होतं. आपल्या भांडणात मी जिंकले, दाजी, आणि माझ्यासमोर चहा मागायला कुणी नव्हतं. मला तिथंच रडू आलं. अक्का म्हणाली, "रडू नको, कडी हलतीये."

कडी लागली, पण सरळ बसली का ते दोघींनाही कळेना. अक्का म्हणाली, "गुण्या आण बघू," आणि म्हणता म्हणता तिचा चेहरा उतरला.

मी फळीपाशी गेले. तुम्ही त्या फळीवर एकेका हत्याराभोवती पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली आहे, म्हणजे कुठलं कुठं जातं ते कळावं. हातोडी हातोडीच्या रेघेत, पकड पकडीच्या. गुण्याच्या रेघेत गुण्या नव्हता. नुसता खिळा आणि फळीवरचा काटकोन.

अक्का माझ्या मागे येऊन उभी राहिली. "मी बघितलंय सगळीकडे," ती म्हणाली. "ते गेल्यावर पहिल्यांदा स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तेव्हाच ओटा बघितला. नव्हता. मग इथं बघितलं, इथंही नाही. रागानं कुठं भिरकावला असेल. ओट्यावर नाही ठेवला त्यांनी, मंगल. ह्या वेळी नाही ठेवला." तिच्या मनात काय सलत होतं ते मला तेव्हा कळलं. तुम्ही गेलात हे तिनं कसंबसं गिळलं होतं. तिच्यावर रागावून गेलात, हे तिला गिळता येत नव्हतं. मला तिला सांगावंसं वाटलं की दाजी तसे नव्हते. पण नुसतं म्हणून काय उपयोग? मी त्या सकाळी सांगलीत कुणाचातरी ब्लाउज उसवत बसले होते.

आम्ही अंथरुणं झाडली, माळा बघितला, खुर्चीखाली बघितलं. मी कपाळाला तुमचा दिवा बांधून कपाटामागे वाकले होते, तेवढ्यात वत्सलाकाकू पिठल्याचं पातेलं परत न्यायला आल्या. तुम्ही गेलात तेव्हापासून घरात चूल पेटली नव्हती, सगळं त्यांनीच सांभाळलं. "काय हुडकताय?" म्हणाल्या. मी हातानं दाखवलं, असा असा, मूठ लाकडाची.

"ते लोखंडाचं व्हय? आवं, ते म्याच ठिवलंय की," काकू म्हणाल्या. "त्या दिशी तुमच्या ओट्यावर मदोमद व्हतं, अक्काच्या तांब्याच्या शेजारी. मला वाटलं, आता आयाबाया येत्यान, पोरंबाळं येत्यान, लोखंड कशाला ओट्यावर. म्हनून भांड्याच्या मांडणीत मागं सारलं. इसरलेच बगा."

त्या आत गेल्या. परातीच्या मागून त्यांनी गुण्या काढला आणि अक्काच्या रिवाजाप्रमाणं हातात न देता ओट्यावर ठेवला. तांब्याच्या शेजारी, जिथून उचलला होता तिथंच.

काकूंना काहीच ठाऊक नव्हतं. त्या आम्हा दोघींकडे बघत राहिल्या. अक्का भिंतीला टेकली आणि मोठ्यानं रडली. तुम्ही गेल्यापासून ती माझ्यासमोर अशी रडली नव्हती. मग काकूही रडायला लागल्या, कशासाठी ते न कळताच, समोर बाईमाणूस रडतंय म्हणून.

तुम्ही ओट्यापर्यंत गेला होता, दाजी. अक्का भाजीला गेल्यावर तुम्ही उठलात, फळीवरून गुण्या काढलात, तिच्या तांब्याशेजारी ठेवलात, आणि मग ओसरीवर जाऊन खुर्चीत बसलात, ती येऊन तो बघेपर्यंत वाट बघत. तुमच्या हातांनी शेवटचं काम तेवढंच केलं, आणि ते त्यांना जमलं. मी तुम्हाला एवढी वर्षं इतकं काय काय दिलं, आणि त्यातलं नेमकं हेच शेवटी उपयोगाला आलं. यासाठी मी तुमची ऋणी आहे का तुम्ही माझे, याचं आता कोण भांडणार.

अक्कानं डोळे पुसले, तोंड धुतलं. गुण्याच्या पट्टीवर दमटपणानं तांबूस ठिपका आला होता. तिनं तो चिंधीनं घासला, खोबरेल तेलाचं बोट फिरवलं, तुम्ही फिरवायचा तसं. न्हाणीघराच्या कडीला लावून बघितला. कडी वाकडीच होती. "असू दे," ती म्हणाली, "लागतीये ना?" बादली तिनं उचलून नळाखाली ठेवली.

मी म्हटलं, फळी उतरवायची ना? तिनं पेन्सिल घेतली, बॅटरीचा स्क्रूड्रायव्हर फळीवरच्या मोकळ्या जागेत धरला आणि मला म्हणाली, "धर इथं, रेघ मारते." मग ओट्यावर ठेवलेला गुण्या घेऊन ती परत आली. खिळा जरा उंच होता, तिला टाचा उचलाव्या लागल्या.

तुम्ही वाट बघत असाल म्हणून हे कळवते, दाजी. ह्या वेळी तिला उशीर झाला. पण लावला तिनं.